बाजरीच्या डब्यातली घंटा

"धरलेलं येरत येळच्या येळी सोडायचं, पंकजा. नववा म्हैना सरल्यावर पोटुशीला कुनी म्हनतं का, बाई, अजून थोडं थांब, लई शोभतंय तुला?"

हे आमच्या सासूबाईंचं वाक्य. माझं सोळा सोमवारांचं व्रत पुरं झालं होतं, मनाला बरं वाटत होतं, म्हणून मी सतरावाही धरते म्हणाले, तेव्हा चुलीपुढून त्यांनी मला हे ऐकवलं होतं. त्यांचं नाव लंकाबाई, आणि त्यांनी हौसेनं मुलाचं नाव ठेवलं बिभीषण. गावात अजून चेष्टा चालते, की रामायणात बिभीषण लंका सोडून गेला, आमच्याकडे लंका गेली आणि बिभीषण मागं राहिला. जायच्या आधी त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "ह्या घरात कुनाचंबी येरत अर्धं लोंबकळत ठिवू नको. तुज्यावर सोपवते." मी "हो" म्हणाले. माझा आवाज असा, की भाजीवालासुद्धा दोनदा विचारतो. पण तो "हो" त्यांना पहिल्याच खेपेला ऐकू गेला.

माझ्या आवाजाची सगळी कसर आमच्या ह्यांनी भरून काढली आहे. नागापूरच्या एमआयडीसीत त्यांनी उभी हयात पत्रा दाबायच्या प्रेसवर काढली. मशीनचा दणका असा, की शेजारच्याशी बोलायचं तर छातीतून आवाज काढावा लागे. तो जो निघाला तो निवृत्त झाल्यावरही आत गेला नाही. राहुरीजवळच्या आमच्या गावात ते ओट्यावर बसून "चहा टाक गं" म्हणाले, की चार घरांत आधण ठेवलं जातं.

त्याच प्रेसवर त्यांच्या शेजारी उभे असायचे पीरमहंमदभाई. आमच्या समोरचंच घर. दोघं एकाच एसटीनं जायचे, एकाच डब्यातलं खायचे. पण मशीन एकच असलं तरी दान वेगवेगळं पडलं. ह्यांना गळा मिळाला आणि भाईंचे कान गेले. कानात घालायचं मशीन मुलानं आणून दिलं होतं, पण ते घातलं की शिट्टी वाजायची आणि गल्लीतली कुत्री दारात गोळा व्हायची. ते त्यांनी कपाटात ठेवून दिलं. अख्ख्या गावात त्यांना एकच आवाज ऐकू येतो, आमच्या ह्यांचा. गावात कोण मेलं, कोणाचं लग्न ठरलं, मुळा धरणात पाणी किती आलं, सगळं त्यांना ह्यांच्याकडून कळायचं. आणि त्यांच्यामुळे आम्हा सगळ्यांना.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी भाईंची शेळी, चांदणी तिचं नाव, आमच्या अंगणात आली आणि माझी तुळस बुडख्यापर्यंत खाऊन गेली. मी पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, म्हटलं येईल पुन्हा फुटून. पण ह्यांचा पारा चढला. रस्त्यात उभं राहून म्हणाले, "पिऱ्या! तुजी शेळी बांध, न्हाईतर ह्या जन्मात तुज्याशी बोलनार न्हाई!"

भाई हसले. अशी भांडणं त्यांची आठवड्यातून दोनदा होतात.

दुसऱ्या दिवशी विठोबाच्या देवळात कीर्तन होतं. शेवटी महाराज म्हणाले, "आज देव झोपी गेला. तो उठेपर्यंत ज्यानं त्यानं आपल्या आवडीचं एक काहीतरी सोडावं."

भजनी मंडळाचा गोरक्ष उठला. त्याचा टेम्पो आहे, गावचा सगळा माल तोच नेतो-आणतो. म्हणाला, "मी कारलं सोडलं."

"कारलं?" आमचे हे बसल्या जागेवरून गरजले. "लेका, कारलं बघून तू ताटावरनं उठतोस! देवाला फसवतो व्हय?"

एक बाई हळूच म्हणाली, "मी वांगं."

"तुला वांग्यानं खाज सुटती, ते सांग की!"

महाराज शांत होते. म्हणाले, "बिभीषणराव, मग तुम्ही काय सोडता?"

"मी? तुमी सांगा काय सोडू. मागं सरनारा गडी न्हाई मी."

महाराजांनी तोंड उघडायच्या आत मागून, पुढून, बायकांतून, टाळकऱ्यांतून एकच आवाज आला, "बोलणं!"

मृदंगावर थापही बरोबर त्याच क्षणी पडली. त्या आवाजात मी नव्हते, हे देवाशपथ सांगते. असते तरी ऐकू गेलं नसतं.

ह्यांचा चेहरा लाल झाला. पण दिलेला शब्द. हातावर पाणी घेतलं आणि सोडलं. महाराजांनी सांगितलं, "मौनाच्या उद्यापनाला घंटा दान करतात. कार्तिकीला देव उठला की इथं घंटा बांधायची. ती वाजली की मग बोलायचं. त्याआधी एक अक्षर नाही."

घरी येऊन ह्यांनी नातवाची पाटी काढली, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, आणि बोटानं महिने मोजायला लागले. बोट श्रावणापाशी अडकलं. पाटीवर लिहिलं, "अधिक?"

"हो," मी म्हणाले, "यंदा अधिक श्रावण आहे ना. चातुर्मास पाच महिन्यांचा."

पुसून पुन्हा लिहिलं, "महाराजांना माहीत?"

"पंचांग त्यांच्या मांडीवरच होतं."

खडू मोडला.

आता खरं सांगायचं तर गावाला असं सुख कधी लाभलं नव्हतं. ग्रामसभा चहा गार व्हायच्या आत संपली. गोरक्ष म्हणाला, भजनात टाळ आणि मृदंगाची पहिल्यांदाच गाठ पडली, एरवी मध्ये बिभीषणकाका उभे असायचे. कोणाच्या तरी मुलीला बघायला पाहुणे आले, आणि मुलीचा बाप कर्जात आहे की नाही हे समोरच्या ओट्यावरून कोणी जाहीर केलं नाही, म्हणून लग्न जमलं. आमची म्हैस पान्हा चोरायची, ती मुकाट दूध द्यायला लागली. हे पाटीवर लिहीत. अक्षर एवढं मोठं, की दोन शब्दांत पाटी भरे. मला तर वाटे, पाटीवरही ते ओरडतच आहेत.

पण माझं सुख वेगळं होतं. दुपारी पोथी वाचायला बसले, की कडुनिंबावरचा होला ऐकू यायचा. घड्याळाला टिकटिक असते हे मला तेव्हा कळलं. आणि एक दिवस भाजी निवडता निवडता मी माहेरची काही गोष्ट सांगायला लागले, आणि ती पुरी झाली. लग्नापासून माझं एकही वाक्य शेवटपर्यंत पोचलं नव्हतं, मधेच ह्यांचं सुरू व्हायचं. आता हे मांडीवर पाटी घेऊन बसायचे, मी सांगायची. माझ्या आजोळची विहीर, कोपरगावच्या मामांचा ऊस, बहिणीच्या लग्नात वऱ्हाडाची बैलगाडी चुकून दुसऱ्याच मांडवात गेली ती गंमत. मधेच थांबले, की पाटी वर यायची, "मग?"

मग! एवढ्या वर्षांत मला कोणी "मग?" विचारलं नव्हतं.

समोरचे पीरमहंमदभाईही खूश दिसायचे. म्हणजे मला तसं वाटायचं. आधी पेरू आणून दिले. मग लिंबं. मग चांदणीचं दूध, झाकण लावून. मग शकिलाभाभींनी केलेल्या शेवया. द्यायचे, ह्यांच्याकडे बघत उभे राहायचे. हे हात जोडायचे. भाईही हात जोडायचे आणि मान खाली घालून जायचे. मला वाटलं, शांततेचा प्रसाद वाटतायत बिचारे.

कार्तिकी जवळ आली. घंटा आणायचं काम मी गोरक्षवर सोपवलं होतं, त्याचा टेम्पो नगरला जातोच. पहिल्या खेपेला म्हणाला, दुकान बंद. दुसऱ्या खेपेला म्हणाला, घंटा होती पण आवाज चांगला नव्हता. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "काकू, घंटा होती, आवाजबी होता, पन मला वाटलं आवाज जरा लईच होतोय."

एकादशी झाली. देव उठला. तुळशीच्या लग्नाचे दिवस आले. शेळीनं खाल्लेली तुळस दुप्पट दाट फुटली होती. हे अजून गप्पच. पाटीवर रोज सकाळी एकच शब्द, "घंटा?"

"येईल," मी म्हणायची.

मग एक दिवस हे मळ्यात गेलेले बघून गोरक्ष आला. कापडात गुंडाळलेलं जड काहीतरी माझ्या पुढ्यात ठेवलं. "आनली, काकू. पन मंडळाचं म्हननं हाय, घाई करू नका. देवाला कुठं जायचंय? त्यो आत्ताच उठलाय, त्याला जरा तोंड तर धुऊ द्या."

"गोरक्षा, असं करून चालत नाही रे."

"तुमी म्हनाल तवा बांधू. तुमच्या हातात हाय सगळं. आजवर तुमच्या हातात काय हुतं, सांगा?"

तेवढ्यात फाटक वाजलं. हे आले होते. मी गडबडीनं ती घंटा बाजरीच्या डब्यात घातली आणि झाकण लावलं. गोरक्ष ह्यांना वाकून नमस्कार करून गेला. इतका आदर त्यानं आधी कधी दाखवला नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी पीठ दळायला बाजरी काढायला गेले, तर डब्यातून "टण्ण". मी जागच्या जागी थांबले. हे ओट्यावर होते. मी मापटं अगदी अलगद घातलं. "टण्ण." दुसऱ्या दिवशी म्हशीसाठी मूठभर काढायला गेले. "टण्ण." मी देवाला रोज घंटा वाजवून उठवते, आता देव मला वाजवून उठवत होता, आणि मी कूस बदलून घेत होते. मनाशी म्हणायची, पौर्णिमा झाली की देते. तुळशीचं लग्न होऊ दे. त्या वऱ्हाडाच्या बैलगाडीच्या पुढची गोष्ट सांगायची राहिलीय, तेवढी होऊ दे. सासूबाईंचं वाक्य आठवायचं, की मी डब्याच्या झाकणावर वरवंटा ठेवायची.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शकिलाभाभी आल्या. हातात काही नव्हतं. येताना त्यांच्या हातात काही नाही, असं कधी होत नाही.

"वैनी," त्या म्हणाल्या, "एक विचारू? भाऊंचा राग कदी जानार?"

"राग? कसला राग?"

"शेळीचा वं. तुळस खाल्ली तवापासनं भाऊ बोलत न्हाईत ना ह्यांच्याशी."

मी हसले. "अहो भाभी, ते मौन आहे. आषाढीला घेतलं. गावाला माहीत आहे."

"मला माहीत हाय. गावाला माहीत हाय. पन ह्यांना कोन सांगनार?"

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"ह्यांना ऐकू येतंय ते भाऊंचं. भाऊंनी मौन धरलं, हे भाऊंनी सांगितलं तर कळनार! मी वरडून वरडून सांगितलं, म्हनले, डास लागलाय का कानाशी बघ. मी तोंडावर बोट ठिवलं, देवळाकडं बोट केलं. हे म्हनले, आसं व्हय, देवळात बसून त्यानं सांगितलं का, पिऱ्याला गप बसायला सांगा? लिहून दावावं तर ह्यांना सहीपलीकडं काय येत न्हाई. भाऊंनी पाटी दावली, तर रात्रभर म्हनत हुते, बिब्यानं माझ्यावर काय लिहून ठिवलं कुनास ठाऊक."

"पण हे हात जोडतात ना त्यांना!"

"तेच की! म्हनत्यात, बघ, पाठीवर बुक्की मारनारा मानूस, आता मला लांबून नमस्कार करतोय. परक्यासारका."

मला हसू येत होतं आणि शकिलाभाभींनाही येत होतं, पण त्यांचे डोळे भरले होते. पदरानं पुसत म्हणाल्या, "शेवटचं त्यांच्या कानात गेलं ते काय, तर ह्या जन्मात बोलनार न्हाई. तेवढंच धरून बसलेत. पाच म्हैने झाले, वैनी. एक शब्द न्हाई पडला त्या मानसाच्या कानात. आदी पेरू दिले, मग लिंबं दिली, दूध दिलं. कायबी द्या, भाऊंचे आपले हात जोडल्याले. आता म्हनत्यात, सगळ्या भांडनाचं मूळ चांदणी. उद्या गोरक्षच्या टेम्पोत घालून बाजारात नेनार आनि विकून येनार. तवा तरी बिब्या बोलेल."

"चांदणीला विकणार?"

"स्वताच्या हातानं बाटलीनं दूध पाजून वाढिवलीय. आत्ता तिकडं शिंगांना तेल लावत बसलेत आनि रडतायत. मला म्हनले, धूर गेला डोळ्यात. चूल तर पेटलीबी न्हवती. वैनी, घंटा कदी येनार, तेवढं सांगा."

मी डब्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "सकाळी. टेम्पो निघायच्या आत."

"काय म्हनला?" शकिलाभाभींनी विचारलं. माझा आवाजच असा.

"सकाळी," मी म्हणाले, मोठ्यानं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझाच आवाज भिंतीवरून परत आलेला ऐकू आला.

त्या गेल्या. मी भाकरी केल्या. ह्यांना वाढलं. त्यांचं जेवण अर्धं होईस्तोवर एक शब्द बोलले नाही, तर ह्यांनी भाकरी खाली ठेवली आणि पाटी ओढली, "बैलगाडी?"

बैलगाडीची गोष्ट राहिली होती. मी सांगितलं. चुकलेलं वऱ्हाड कसं त्या दुसऱ्याच मांडवात पंगतीला बसलं, कसे आमचे आजोबा तिथं तुपाचा आग्रह करून घेत होते, आणि जिलबीची दुसरी वाढ झाल्यावर कोणीतरी विचारलं, पाहुणे, तुम्ही नक्की कोणाकडचे? "मग?" पाटी म्हणाली. "मग काय," मी म्हणाले, "जेवण कितीही गोड असलं तरी उठावंच लागलं. आपला मांडव पलीकडच्या गावात वाट बघत होता. आणि तिकडे नवरदेव उपाशी."

ह्यांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता माणूस किती हसू शकतो ते मी त्या पाच महिन्यांत शिकले.

मग मी उठून डबा आणला. झाकण काढलं, बाजरीत हात घातला, घंटा बाहेर काढून ह्यांच्यापुढे ठेवली. पितळी, नवी कोरी, कडेला बाजरीचे दाणे चिकटलेले. शेळीचं, भाईंचं, सगळं सांगितलं. कुठल्या दिवशी घंटा आली तेही. वाटलं, आता खडू मोडणार.

हे ऐकत बसले. भाईंचं ऐकताना एकदा उठून दारापर्यंत गेले, समोरच्या घराकडे बघितलं, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. परत येऊन पाटी पुसली आणि लिहायला लागले. पहिल्यांदाच अक्षर बारीक होतं. इतकं बारीक की मला चष्मा शोधावा लागला.

"डब्यात वाजते ते रोज ऐकतोय. वाटलं, तुझं अजून सांगायचं राहिलंय."

मी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. मग म्हणाले, "राहिलंय तर आहेच. पण सासूबाई म्हणायच्या, नववा सरल्यावर थांबवू नये."

ह्यांनी पाटीवर आणखी काही लिहिलं नाही. पाटी पुसून नातवाच्या कोनाड्यात ठेवली, खडूच्या तुकड्यासकट.

पहाटे मी अंघोळ करून तुळशीला पाणी घातलं. ह्यांनी पांढरी टोपी घातली. देवळात काकडा सुरू झालेला ऐकू येत होता, टाळ आणि मृदंग एकमेकांना धरून नीट चालले होते. शेवटचेच, बिचारे. काकडा संपला की गोरक्षचा टेम्पो बाजाराला निघतो, म्हणजे त्याआधी पोचायचं होतं.

घंटेवरचे बाजरीचे दाणे मी धुतले नाहीत. कापडात गुंडाळली तरी ती वाजायला बघत होती, म्हणून कापड सोडलं आणि आतला लोळा मुठीत घट्ट धरला. वाजायची ती देवापुढेच वाजावी, आधी नाही.

समोरच्या अंगणात चांदणी नव्या दाव्यानं बांधली होती. शिंगं चकचकीत. भाई पाठमोरे, तिच्यापुढे पाला धरून बसलेले. आमची चाहूल त्यांना लागणार नव्हतीच. हे क्षणभर थबकले, त्यांची छाती भरून आलेली मला दिसली, आवाज अगदी गळ्यापर्यंत आलेला. मी मान हलवली. अजून नाही.

हे मुकाट माझ्या मागं आले. गोरक्षच्या दारातला टेम्पो अजून गार होता. मूठ सैल न करता, त्याच्या कडेनं, मी देवळाच्या वाटेला लागले.